आरोग्याची हमी कायद्यातच हवी

संसदीय पद्धतीच्या सरकारला आरोग्यधोरण राबवायला ताकद कमी पडली, ही सबब मला कधीच पटलेली नाही. सभागृहात ज्याचं बहुमत, त्याचंच मंत्रिमंडळ. आणि मंत्रिमंडळाने ठरवलेलं विधेयक पक्षादेश निघाला की मंजूर. अमेरिकेत तसं नाही; तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वेगवेगळे निवडून येतात. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला, तो तिथेच विरला. १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाचं दोन्ही सभागृहांत बहुमत होतं, तरी त्यांच्या आरोग्य योजनेवर मतदानाची वेळसुद्धा आली नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्ष जुलै १९४५ मध्ये निवडून आला, नोव्हेंबर १९४६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ पासून सगळ्यांसाठी मोफत उपचार सुरू झाले. सगळं मिळून तीन वर्षं, आणि तीही युद्धाने कर्जात बुडालेल्या, रेशनवर जगणाऱ्या देशात.

तेव्हा ताकद असते. ती कशावर खर्च करायची, एवढंच सरकारला ठरवायचं असतं. धोरणाची पुस्तिका काढायची, योजनेला नाव देऊन ती जाहीर करायची, की ज्याच्या आधारावर आजारी माणूस आपला हक्क मागू शकेल असं कलम लिहायचं? या तिन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘आरोग्यधोरण’ म्हणतो आणि तिथेच फसतो. माझं म्हणणं सरळ आहे. आरोग्याचं जे वचन सभागृहात कलम म्हणून मंजूर झालेलं नाही आणि ज्याच्या पैशाची तजवीज त्याच वेळी केलेली नाही, ते वचन म्हणजे त्या सरकारची मर्जी. सरकार बदललं, अर्थमंत्री बदलला, मंदी आली, की मर्जी फिरते. आणि फिरली तरी कोणाला जाब विचारायची सोय नसते.

ब्रिटनचं उदाहरण नेहमी गोडीगुलाबीने सांगितलं जातं, जणू युद्धानंतर सगळा देश एकमताने मोफत उपचारांच्या मागे उभा राहिला. तसं झालं नव्हतं. विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये आला. रोगराई हा समाजाच्या पाच महाशत्रूंपैकी एक, असं त्यात म्हटलं होतं. युद्धकाळातल्या संमिश्र सरकारने १९४४ मध्ये श्वेतपत्रिका काढली. पण रुग्णालयं कोणाच्या ताब्यात असावीत, डॉक्टरांना पगार द्यावा की आणखी कशा रीतीने मोबदला द्यावा, हे कळीचे मुद्दे तिथे मिटलेच नव्हते. ते मिटवले अन्यूरिन बेव्हन यांनी. हा वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, किशोरवयातच कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. त्या गावातल्या कामगारांची स्वतःची वैद्यकीय मदत संस्था होती; कामगार वर्गणी देत आणि त्यातून कुटुंबांचे उपचार होत. आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हन यांनी सगळी रुग्णालयं, धर्मादाय असोत की नगरपालिकांची, राष्ट्राच्या मालकीची करायचं ठरवलं. त्यांना पहिला मोठा विरोध झाला तो स्वतःच्याच मंत्रिमंडळात. हर्बर्ट मॉरिसन हे लंडनच्या स्थानिक राज्यकारभारातून वर आलेले नेते. नगरपालिकांकडून त्यांची रुग्णालयं काढून घेणं त्यांना मान्य नव्हतं. पंतप्रधान अॅटली बेव्हन यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून तो निर्णय झाला.

हा वाद मंत्रिमंडळाच्या बंद दाराआड झाला, आणि संसदीय पद्धतीत तो तिथेच होतो. मंत्र्यांनी आत कितीही भांडावं, बाहेर एका आवाजात बोलावं, हा सामूहिक जबाबदारीचा नियम. त्यात गैर काही नाही. गैर घडतं ते पुढे, आत जे ठरलं ते बाहेर कलमवार तपासायला कोणी नसतं तेव्हा. १९४६ मध्ये तपासायला सभागृह होतं. हुजूर पक्षाने दुसऱ्या वाचनालाही विरोधात मत दिलं आणि तिसऱ्या वाचनालाही. आज तोच पक्ष त्या सेवेचा अभिमान सांगतो. पण त्या वेळी विरोध उघड झाला, नोंदला गेला आणि सरकारला एकेका कलमाचं समर्थन करावं लागलं.

त्या कायद्याचं पहिलं कलम मला फार मोलाचं वाटतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या जनतेच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यात सुधारणा व्हावी, रोगाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार व्हावेत, यासाठी सर्वसमावेशक आरोग्य सेवा उभी करायला चालना देणं हे आरोग्यमंत्र्याचं कर्तव्य असेल, असं ते सांगतं. आणि लगेच पुढे: या सेवा विनामूल्य असतील, शुल्क घ्यायचंच असेल तर ते या कायद्यानेच स्पष्टपणे सांगितलेलं असलं पाहिजे. दोनच पोटकलमं, पण त्यांतून काय काय साधलं ते पाहण्यासारखं आहे. कर्तव्य ‘शासनाचं’ असं मोघम न ठेवता एका मंत्र्याच्या पदाला बांधलं. म्हणजे कुठल्याही रुग्णालयातली हेळसांड हा थेट त्या मंत्र्याला सभागृहात विचारायचा प्रश्न झाला. स्थानिक मंडळाकडे बोट दाखवून त्याला सुटता येईना. दुसरं, शुल्क लावण्याचा रस्ता प्रशासकीय आदेशातून काढून संसदेच्या दारातून नेला. एखाद्या अधिकाऱ्याने परिपत्रक काढून उद्यापासून केसपेपरला इतके पैसे, असं म्हणायची सोय राहिली नाही. मानसिक आरोग्यही शारीरिक आरोग्याच्या जोडीने, त्याच वाक्यात आलं, हेही १९४६ सालासाठी थोडं नव्हे.

हे दुसरं पोटकलम पाच वर्षांतच कामी आलं. १९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे संरक्षणाचा खर्च वाढला आणि अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. त्यासाठी वेगळा कायदा आणावा लागला. बेव्हन यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही दिला. बेव्हन हरले, शुल्क लागलं. तरीही मला ही हकीकत व्यवस्थेच्या अपयशाची वाटत नाही. कवळीवरच्या शुल्कासाठी एका सरकारला तीन मंत्री गमवावे लागले आणि सगळ्या देशाला कळलं की मोफत सेवेला पहिली चीर कुठे पडली. जिथे असं कलम नसतं तिथे ही चीर एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी परिपत्रकातून पडते आणि रुग्णाला ती पैसे भरायच्या खिडकीवर कळते.

पैशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सेवा उधळपट्टी करते, अशी ओरड १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जोरात होती. हुजूर सरकारने १९५३ मध्ये अर्थतज्ज्ञ क्लॉड गिलेबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काटकसरीच्या जागा सापडतील, अशी आशा त्यामागे होती. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या अभ्यासकांनी समितीसाठी खर्चाची आकडेमोड केली. १९५६ च्या अहवालात निघालं ते उलटंच: राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात सेवेवरचा खर्च घटला होता, आणि उधळपट्टीचा पुरावा नव्हता. सरकारला नको असलेला निष्कर्ष देणारी समिती सरकारनेच नेमलेली असावी आणि तिचा अहवाल छापून सगळ्यांच्या हाती यावा, ही संसदीय कारभाराची चांगली बाजू आहे. आयोग नेमणं म्हणजे वेळ काढणं, असं आपल्याकडे समजतात. अध्यक्ष स्वतंत्र बुद्धीचा असेल आणि अहवाल पटलावर आला, तर आयोगासारखं हत्यार नाही.

कॅनडात हेच घडलं. १९६१ मध्ये पुराणमतवादी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सेवांसाठी शाही आयोग नेमला. डॉक्टरांच्या संघटनेलाही आयोग हवा होता, कारण सक्तीच्या सार्वजनिक योजनेला तो नकार देईल असा तिचा अंदाज होता. हॉल यांनी १९६४ मध्ये सर्वांसाठी सार्वजनिक विम्याचीच शिफारस केली. १९६६ च्या डिसेंबरमध्ये वैद्यकीय सेवा कायदा १७७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, तोही लेस्टर पिअरसन यांच्या अल्पमतातल्या सरकारच्या काळात. अल्पमत असलं की सरकारला विरोधकांशी बोलावं लागतं. आरोग्यासारख्या विषयात हे बोलणं फायद्याचंच ठरतं. ज्यांनी मिळून मत दिलं, ते उद्या सत्तेवर आले तरी आपणच दिलेल्या मताविरुद्ध सहज जात नाहीत.

आता डॉक्टरांविषयी. आरोग्यधोरणात सरकारची खरी वाटाघाट मतदारांपेक्षा डॉक्टरांशी होते, हे मान्य करायला संकोच कशाला? ब्रिटनमध्ये १९४८ च्या फेब्रुवारीत वैद्यकीय संघटनेने सभासदांचं मत घेतलं, तेव्हा सेवेच्या बाजूने एक तर विरोधात जवळपास नऊ, असं प्रमाण पडलं. डॉक्टरांना पगारी नोकर व्हायची भीती होती. बेव्हन यांनी एप्रिलमध्ये सभागृहात जाहीर केलं की केवळ नियम बदलून डॉक्टरांना पूर्णवेळ पगारी करता येणार नाही, अशी कायद्यातच दुरुस्ती करू. १९४९ मध्ये ती केली. रुग्णालयांतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसाय ठेवायची मुभा आधीच दिली होती. या सवलतींची किंमत ब्रिटन आजही मोजतो, आणि त्या दिल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते: डॉक्टरांना जे दिलं ते सभागृहात सांगून दिलं, आणि कायदा झाल्यावर दिलं. मोफत सेवेचं तत्त्व वाटाघाटीच्या टेबलावर नव्हतंच. ते १९४६ मध्येच ठरून गेलं होतं. बोलणी फक्त मोबदल्याच्या रीतीवर झाली.

कॅनडाच्या सॅस्केचवन प्रांतात हीच झुंज अधिक कडवी झाली. टॉमी डग्लस यांच्या पक्षाने १९६० ची प्रांतिक निवडणूक वैद्यकीय विम्याच्याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये झाला. १ जुलै १९६२ ला तो लागू झाला त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले आणि मध्यस्थीला आला तोही ब्रिटिश डॉक्टर, उमरावांच्या सभागृहाचा सदस्य स्टीफन टेलर. २३ जुलैला सॅस्कटून इथे करार झाला, विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून कायद्यात दुरुस्त्या केल्या गेल्या. योजनेबाहेर राहून व्यवसाय करायची मुभा डॉक्टरांना मिळाली, पण सर्वांसाठी सार्वजनिक विमा राहिला. संप सुरू होताच सरकार डगमगलं असतं तर कॅनडात पुढे जे झालं ते झालं असतं का, मला शंका आहे. सरकार डगमगलं नाही, याचं श्रेय डग्लस यांच्यानंतर प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झालेल्या वुड्रो लॉइड यांच्या धीराला आहेच. पण हातात मंजूर झालेला कायदा आणि निवडणुकीचा कौल नसता, तर नुसता धीर किती पुरला असता?

कायदा केला म्हणजे झालं, असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाची कथा त्या भाबडेपणावर चांगला उतारा आहे. गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने मेडिबँक नावाची सार्वत्रिक विमा योजना आणली. तिचा आराखडा मेलबर्नमधले अर्थतज्ज्ञ डिक स्कॉटन आणि जॉन डीबल यांनी केलेला. सेनेटमध्ये सरकारला बहुमत नव्हतं आणि सेनेटने विधेयकं पुन्हा पुन्हा फेटाळली. १९७४ मध्ये दोन्ही सभागृहं विसर्जित करून निवडणूक घेतली गेली, तरी सेनेट नमेना. मग ऑगस्ट १९७४ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात अशी बैठक तेवढी एकदाच झाली आहे, आणि तीत आरोग्य विमा मंजूर झाला. मात्र योजनेसाठी उत्पन्नावर १.३५ टक्के कर लावायची विधेयकं सेनेटमध्ये पडली. संयुक्त बैठकीत ती येऊ शकली नाहीत. मेडिबँक १ जुलै १९७५ ला सुरू झाली ती सर्वसाधारण महसुलाच्या भरवशावर. नोव्हेंबरात व्हिटलम यांना पदच्युत केलं गेलं. त्यांच्यानंतर आलेल्या माल्कम फ्रेझर यांनी निवडणुकीत मेडिबँक चालू ठेवायचं आश्वासन दिलं होतं. १९७६ मध्येच तिची मोडतोड सुरू झाली आणि १९८१ मध्ये ती संपली. बॉब हॉक यांच्या सरकारने फेब्रुवारी १९८४ मध्ये मेडिकेअर आणली, तेव्हा तिला उत्पन्नाच्या एक टक्का आकारणीची जोड सुरुवातीपासून दिली. ती अजून टिकून आहे. हक्काचं कलम आणि पैशाचं कलम वेगळं पडलं की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कॅनडाच्या केंद्र सरकारने हाच धडा दुसऱ्या वाटेने घेतला. तिथे आरोग्य हा प्रांतांचा विषय. केंद्र निम्मा खर्च देई, म्हणून प्रांत योजनेत आले. १९७२ पर्यंत सगळे आले. १९७७ नंतर निम्म्या खर्चाऐवजी ठोक रक्कम मिळू लागली, आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टर सरकारी दरावर रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ लागले. आरोग्यमंत्री मोनिक बेझँ यांनी १९८४ मध्ये कॅनडा आरोग्य कायदा आणला. त्यात प्रांतांना हुकूम नाही. रुग्णाकडून जितके पैसे वर घेतले जातील तितके केंद्राच्या अनुदानातून कापले जातील, एवढीच तरतूद. रुपयाला रुपया म्हणतात तशी, डॉलरला डॉलर. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या, प्रांत नाराज झाले, आणि तरीही सभागृहात कायदा एकमताने मंजूर झाला, कारण निवडणूक जवळ होती आणि रुग्णांकडून पैसे घेण्याच्या बाजूने हात वर करायची कुठल्याच पक्षाची तयारी नव्हती. मतदान उघड असलं की असं होतं. म्हणूनच आरोग्याच्या प्रश्नावर सरकारांना उघड मतदान टाळावंसं वाटतं.

भारतात आपण ते टाळतच आलो आहोत. जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, ब्रिटनचा कायदा झाला त्याच वर्षी. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्यातलं तत्त्व. त्याचा कायदा झाला नाही. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत गेली. केंद्राने धोरणं काढली: १९८३, २००२, २०१७. २००२ च्या धोरणात २०१० पर्यंत आरोग्यावरचा सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट होतं. २०१७ च्या धोरणात ते २०२५ पर्यंत २.५ टक्के झालं. पहिलं उद्दिष्ट गाठलं नाही म्हणून कोणाला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागलं? कोणालाच नाही, कारण धोरण हा मंत्रिमंडळाचा कागद. तो मोडला तर कुठलाही कायदा मोडत नाही. २०१७ च्या धोरणाच्या आधीच्या मसुद्यात आरोग्याचा हक्क कायद्याने देण्याचा विचार मांडला होता. अंतिम धोरणात तो वगळून टप्प्याटप्प्याने हमी देत जायची भाषा आली. २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण देते, तीही अर्थसंकल्पात जाहीर होऊन मंत्रिमंडळाच्या मंजुरीने चाललेली. ती गरिबाच्या उपयोगी पडत नाही, असं मी म्हणणार नाही. अनेकांना तिने शस्त्रक्रियेच्या खर्चातून वाचवलं आहे. पण कुठलं पॅकेज वगळायचं, किती दर द्यायचा, उद्या पात्रतेचा निकष बदलायचा का, यातलं काहीही संसदेत कलम म्हणून कधी तपासलं गेलेलं नाही.

पैशाचीही तीच गत. आरोग्य मंत्रालयाच्या अनुदान मागण्या दरवर्षी स्थायी समितीकडे जातात आणि समिती त्यावर सविस्तर अहवाल देते. मग लोकसभेत काही निवडक मंत्रालयांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी गिलोटिन लागतं: उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला. आरोग्याची मागणी कित्येकदा त्या गठ्ठ्यात असते. कोट्यवधी लोकांच्या औषधांचा, लसींचा, दवाखान्यांचा पैसा एकाही भाषणाशिवाय मंजूर होतो, याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

समितीने काय फरक पडतो, हे सरोगसीच्या कायद्यात दिसलं. मूळ विधेयकात सरोगेट माता जवळची नातेवाईकच असावी, अशी अट होती. लोकसभेने २०१९ चं विधेयक तसंच मंजूर केलं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. समितीने डॉक्टर, वकील, महिला संघटना यांचं म्हणणं ऐकलं आणि २०२० च्या फेब्रुवारीत अहवाल दिला: नातेवाईकाची अट काढा, कारण आपल्या कुटुंबांत ‘नातं’ म्हटलं की सुनेवर, नणंदेवर किती दबाव येईल याचा अंदाज कोणालाही आहे, स्वेच्छेने तयार असलेली स्त्री म्हणा. सरोगेट मातेचा विमा १६ महिन्यांचा होता, तो ३६ महिन्यांचा करा. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही मार्ग खुला करा. हे बदल २०२१ च्या कायद्यात आले. त्या कायद्यावर आजही टीका होते, न्यायालयात वाद चालतात. पण सोळाचे छत्तीस महिने हे समितीच्या खोलीत झालं, भाषणांनी गाजलेल्या सभागृहात झालं नाही. प्रसूतीनंतर उशिरा उद्भवणाऱ्या गुंतागुंतीचा खर्च त्या बाईने स्वतः करायचा की नाही, एवढा फरक त्या एका आकड्याने पडतो.

समितीत असं होऊ शकतं, कारण तिथे पक्षादेश चालत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीनंतर आपल्या खासदाराला सभागृहात पक्षाविरुद्ध मत देता येत नाही. दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. डॉक्टर असलेला, आयुष्यभर ग्रामीण भागात काम केलेला खासदारसुद्धा मतदानाच्या वेळी एक आकडा असतो. समितीच्या बंद खोलीत तो माणूस असतो, आपल्याला ठाऊक असलेलं बोलू शकतो. आणि नेमकी हीच जागा आपण आटवत आणली. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत ते प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं.

घाई करून बहुमताच्या जोरावर केलेला आरोग्याचा कायदा किती महागात पडतो, ते ब्रिटनने २०१२ मध्ये पाहिलं. २०१० च्या संमिश्र सरकारच्या करारात आरोग्य सेवेची वरून लादलेली पुनर्रचना थांबवू, असं लिहिलं होतं. दोन महिन्यांत आरोग्यमंत्री अँड्र्यू लॅन्सली यांनी श्वेतपत्रिका काढली ती प्रचंड पुनर्रचनेचीच. मतदारांपुढे हा आराखडा कधी आलाच नव्हता. डॉक्टर, परिचारिका, खुद्द आघाडीतले सहकारी इतके बिथरले की एप्रिल २०११ मध्ये विधेयक थांबवून पुन्हा मतं मागवावी लागली आणि ते पुन्हा समितीकडे गेलं. या विधेयकाने १९४६ पासून चालत आलेलं मंत्र्याचं कर्तव्यच पातळ केलं होतं. उमरावांच्या सभागृहातल्या राज्यघटना समितीने त्यावर बोट ठेवलं, आणि इंग्लंडमधल्या आरोग्य सेवेबाबत मंत्र्याची संसदेला असलेली जबाबदारी कायम राहील, असं कलमात स्पष्ट लिहून घेतलं गेलं. न निवडलेल्या सभागृहाने निवडून आलेल्या मंत्र्याला त्याची जबाबदारी आठवून द्यावी, हे विचित्र खरं. पण झालं ते चांगलं झालं. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, लॅन्सली यांच्याच हुजूर पक्षाच्या सरकारने लॅन्सली यांच्या रचनेतला बराचसा भाग नव्या कायद्याने मोडीत काढला. मधल्या दशकात किती माणसांचा वेळ आणि पैसा नुसत्या पाट्या बदलण्यात गेला असेल!

कायद्याच्या आग्रहाला एक आक्षेप नेहमी घेतला जातो: गरीब देशाला हक्क परवडत नाही, आधी डॉक्टर आणि दवाखाने उभे करा, मग कायदा करा. हा आक्षेप हलका नाही. रुग्णालयच नसेल तर हक्काचा कागद घेऊन माणूस जाणार कुठे? पण थायलंडने याला उत्तर दिलं आहे. तिथल्या ग्रामीण आरोग्य यंत्रणेवर कित्येक वर्षं काम झालं होतं, हे खरं. तरी २००१ मध्ये थाई राक थाई पक्ष तीस बाटमध्ये (बाट हे तिथलं चलन) उपचारांचं वचन देऊन निवडून आला, तेव्हा देश आर्थिक संकटातून नुकता सावरत होता आणि परवडणार नाही असं सांगणारे तज्ज्ञ बरेच होते. डॉक्टर सांगुआन नितयारम्फाँग यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आराखडा तयार ठेवला होता. नागरिक संघटनांनी ५० हजारांवर सह्या गोळा करून स्वतःचा मसुदा संसदेत दिला; १९९७ च्या राज्यघटनेने तशी मुभा दिली होती. २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला, आणि योजना चालवणाऱ्या मंडळावर नागरिक संघटनांच्या पाच प्रतिनिधींना कायद्यानेच जागा मिळाली. २००६ मध्ये लष्कराने ते सरकार उलथवलं. योजना उलथली नाही. उलट नव्या आरोग्यमंत्र्याने तीस बाटही काढून टाकले. २०१४ मध्ये पुन्हा बंड झालं. योजना चालूच राहिली. तिचे लाभार्थी कोट्यवधी होते, कायदा पुस्तकात होता आणि मंडळावर सरकारबाहेरची माणसं बसलेली होती.

आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. देशातला तसा हा पहिलाच. विधेयक आधी प्रवर समितीकडे गेलं होतं, तरी मंजुरीनंतर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या उपचारांचे पैसे सरकार कधी आणि किती देणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. एप्रिलच्या सुरुवातीला समझोता झाला. पण मंजुरीनंतर बराच काळ कायद्याचे नियमच अधिसूचित झाले नाहीत, आणि नियमांवाचून तातडीचा रुग्ण म्हणजे कोण, पैसे कोणत्या खात्यातून, तक्रार कोणाकडे, काहीच ठरत नाही. संसद असो की विधिमंडळ, कायदा मंजूर करून सभागृह मोकळं होतं आणि नियम करायचं काम खात्याकडे जातं. नियम किती मुदतीत पटलावर आलेच पाहिजेत हे मूळ कायद्यात लिहिता येतं. मुदत उलटली तर मंत्र्याने सभागृहात निवेदन करावं, हेही लिहिता येतं. पुढचं राज्य असा कायदा करायला घेईल तेव्हा ही दोन कलमं आणि पैशाच्या स्रोताचं तिसरं कलम विधेयकात आहे का, एवढं आपल्या आमदाराला मतदानाच्या आधी विचारायला हवं.